जूडास, अंकुश आणि डिस्को

१९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' पडद्यावर आला तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती आणि जगाच्या नकाशावर सोव्हिएत संघ नावाचा देश होता. भिलाईचा पोलाद कारखाना याच देशाच्या मदतीनं उभा राहिलेला. २ फेब्रुवारी १९५५ ला करार झाला आणि चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन इंजिनिअर इथे येऊन राहिले, आणि १९७२ मध्ये या दोस्तीच्या नावानं 'मैत्री बाग'ही तयार झाली. 'डिस्को डान्सर' सोव्हिएत संघात लागला १९८४ साली. तिथे त्याची सहा कोटींच्या आसपास तिकिटं खपली. रशियानं आपल्याला पोलाद दिलं आणि आपण त्याला मिथुन चक्रवर्ती दिला, असा जमाखर्च भिलाईतल्या एखाद्यानं मांडला तर त्याला अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

या चित्रपटातल्या गायकांची नावं मराठी माणसानं मात्र जरा सावकाश वाचावीत. 'गोरों की ना कालों की' सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांनी गायलं आहे. दोघंही घरातलीच माणसं, ओळख करून द्यायची गरज नाही. 'कृष्णा धरती पे आजा तू' या गाण्यापुढे नाव आहे नंदू भेंडे. इथे बरेच जण थबकतात. भेंडे म्हणजे आत्माराम भेंडे यांचे कुणी? हो, चिरंजीव. 'झोपी गेलेला जागा झाला' करणाऱ्या, बबन प्रभूंच्या फार्सवर महाराष्ट्राला हसवणाऱ्या नटाचा मुलगा मुंबईत रॉक आणि फंक गात होता. तो ज्या बँडांतून गायला त्यांतला एकही फार काळ टिकला नाही.

संगीतकार बप्पी लाहिरी यांनी या चित्रपटासाठी चाली कुठून कुठून आणल्या हे पाहण्यासारखं आहे. उषा उत्थुप यांचं 'आउआ आउआ' हे 'बगल्स' या ब्रिटिश जोडीच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून आलं. 'जिमी जिमी'चं मूळ 'ओटावान' या फ्रान्समधल्या जोडीकडे जातं. बगल्समध्ये ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स असे दोघेच. १९७९ मध्ये त्यांचं हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, दोन अल्बम निघाले आणि जोडी संपली. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला तेव्हा पहिलं गाणं हेच लावलं गेलं. हॉर्ननं पुढे ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे बसून ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपचा आवाज घडवला. जोडी म्हणून त्यांची कारकीर्द दोन-तीन वर्षांची, पण मुंबईच्या सिनेमातून त्यांची चाल मॉस्कोच्या थिएटरापर्यंत गेली.

अल्पायुषी जोड्यांच्या या गर्दीत फंकच्या दृष्टीनं खरी महत्त्वाची जोडी वेगळीच आहे: लंडनची 'लिंक्स'. त्यांच्याकडे जाण्याआधी फंक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे 'फंकी' हा शब्द शर्टालाही लावतात आणि केसांनाही.

हे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी साठच्या दशकात घडवलं आणि त्यात जेम्स ब्राउनचं नाव पहिलं. तोवरच्या पॉप गाण्यात चाल राज्य करायची आणि ताल तिची पालखी वाहायचा. ब्राउननं हे उलटं केलं. गिटार, ट्रम्पेट, गाणाऱ्याचा आवाज, सगळ्यांना त्यानं तालवाद्यासारखं वागवलं, आणि चारांतल्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकला. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे समजायला अडचण नसावी. समेवर येण्याची ओढ आपल्या कानात मुरलेलीच असते. फरक एवढाच की फंकमध्ये सम दर चार मात्रांनी येते आणि मधल्या जागेत बास गिटार खोड्या काढत राहते. अंगठ्यानं जाड तार ठोकायची, दुसऱ्या बोटानं बारीक तार ओढून सोडायची, आणि या दोन आवाजांच्या मध्ये काहीच वाजवायचं नाही. हे काहीच न वाजवणं सगळ्यांत अवघड. नाचणाऱ्याचं शरीर त्या रिकाम्या जागेतच हलतं.

ब्रिटनमध्ये हे संगीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रुजलं. वाजवणाऱ्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची, लंडनमध्ये वाढलेली मुलं बरीच होती. 'लाइट ऑफ द वर्ल्ड', 'हाय टेन्शन', 'फ्रीझ', 'सेंट्रल लाइन' असे कितीतरी बँड तीन-चार वर्षांत उगवले. लिंक्स हा त्यांतलाच. डेव्हिड ग्रँट गायचा आणि पीटर मार्टिन बास वाजवायचा. मार्टिनला सगळे 'स्केच' म्हणत. 'यू आर लाइंग' हे पहिलं गाणं त्यांनी स्वतःच एक हजार तबकड्या काढून विकलं. ती हातोहात खपली तेव्हा 'क्रिसलिस' कंपनी करार घेऊन आली. १९८० मध्ये तेच गाणं देशाच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर आणि १९८१ मध्ये 'इंट्यूशन' सातव्या क्रमांकावर पोहोचलं. 'इंट्यूशन'मध्ये स्टील पॅन वाजतं. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून त्यातून सूर काढायचे, असं हे त्रिनिदादचं वाद्य. पोलादातून संगीत काढण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा नसेल. भिलाईत हे वाद्य कुणी मनावर कसं घेतलं नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. १९८१ या एका वर्षात लिंक्सचे दोन अल्बम आले आणि १९८२ मध्ये जोडी फुटली.

लिंक्समागे कोरस गाणाऱ्यांत ज्युनियर गिस्कोम होता. त्यानं त्याच वर्षी 'मामा यूज्ड टू से' हे स्वतःचं गाणं घेऊन अमेरिकेपर्यंत मजल मारली. ग्रँट एकटा गात राहिला. १९८५ मध्ये जाकी ग्रॅहमसोबतचं त्याचं द्वंद्वगीत पाचव्या क्रमांकावर गेलं. पुढे बीबीसीच्या 'फेम अकॅडमी'त तो पत्नी कॅरीसोबत नवशिक्यांना आवाजाचे धडे देताना दिसला आणि ब्रिटिश प्रेक्षकांची एक अख्खी पिढी त्याला मास्तर म्हणूनच ओळखू लागली.

आता मुंबईकडे येऊ. सत्तरच्या दशकात मुंबईत इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या बँडांची चांगलीच चलती होती. 'सिमला' सिगारेटच्या नावानं अखिल भारतीय बीट स्पर्धा व्हायची आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडांच्या तबकड्याही निघाल्या. कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' या ठिकाणी ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज येऊन तिथल्याच मुलांबरोबर वाजवून गेले. त्या वेळी जगातल्या सर्वांत महागड्या बँडांपैकी हा एक. नंदू भेंडे या वातावरणात 'वेल्वेट फॉग'मध्ये गाऊ लागले. याच नावाचा एक बँड इंग्लंडमध्येही होता. तो १९६९ मध्ये एक अल्बम काढून संपला होता.

नंदूंच्या घरात इंग्रजी आणि मराठी दोन्ही तेवढ्याच मोकळेपणानं नांदत होत्या. आई आशा भेंडे रंगभूमीवर काम करायच्या आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक होत्या. तारा कानिटकर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं लोकसंख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक विद्यापीठांतून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. माहेरी त्या लिली इझिकेल, म्हणजे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी, बेने इस्रायली ज्यू कुटुंबातल्या. म्हणजे वडील मराठी फार्सचे बादशहा, मामा भारतीय इंग्रजी कवितेचे एक आधारस्तंभ, आणि मुलगा हातात मायक्रोफोन घेऊन रॉक गातोय. मराठी मध्यमवर्गाची सांगितली जाणारी गोष्ट दादर, पुणे आणि भावगीत या तीन ठिकाणांपलीकडे सहसा जात नाही. या घरासाठी त्या गोष्टीत जागाच ठेवलेली नाही.

१९७४ मध्ये अलीक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या ब्रिटिश जोडीचं हे रॉक ऑपेरा. त्यात येशूचं काम मधुकर चंद्र दास यांना आणि जूडासचं नंदू भेंडे यांना मिळालं. नाव येशूचं असलं तरी या नाटकातली सर्वांत तापलेली गाणी विश्वासघात करणाऱ्या जूडासच्या वाट्याला आलेली आहेत. येशूची गाणी वर आकाशाकडे बघतात, जूडासची जमिनीवर पाय आपटतात. शेवटाकडच्या शीर्षकगीतात पितळी वाद्यांचा झोत, मागे बायकांचा कोरस आणि बासची धावपळ आहे, आणि त्यावर गाणाऱ्याला जवळजवळ ओरडून सूर लावायचा असतो. सुरात ओरडणं ही गळ्याची कसरत आहे. ज्याला ती जमते त्याला सोल आणि फंकची अर्धी वाट मोकळी होते.

कीथ कांगा यांच्या 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडमध्येही मधुकर दास होते आणि काही काळ नंदू भेंडेही गायले. रॉक आणि फंक यांच्या सीमेवरचं हे संगीत. हॉटेलात लोकांना नाचवायचं म्हणून ऐकीव गाणी वाजवायची आणि मधूनच स्वतःचं काही घुसवायचं, अशी सगळ्यांचीच रीत होती. या बँडचा एकच अल्बम निघाला, 'ऑब्सेशन ७७'. तो बाजारात आला तेव्हा बँड मोडलेला होता.

लंडनच्या मुलांना जे जमलं ते मुंबईच्या मुलांना का जमलं नाही? गळा कमी होता किंवा बोटं जड होती, हे उत्तर मला पटत नाही. लिंक्सनं हजार तबकड्या स्वतः काढल्या, कारण लंडनमध्ये पैसे मोजले की कुणीही तबकडी छापून देत असे आणि ती विकायला अशा संगीताची खास दुकानं होती. इथे तबकडी काढायची तर एचएमव्ही किंवा पॉलिडोर अशा मोजक्या कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागे, आणि त्यांचा सगळा धंदा सिनेमाच्या गाण्यांवर चालायचा. परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायरवर जबर आयातशुल्क होतं. कलकत्त्याची 'गिवसन' गिटार परवडायची, पण तिच्या तारा दाबताना बोटं सोलून निघत. इंग्रजी गाणं ऐकायला येणारा वर्ग शहरांच्या चार-दोन वस्त्यांपुरता. त्यात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्कोथेक आली. हॉटेलमालकाचं गणित साधं होतं: एक माणूस तबकडी लावतो तेव्हा पाच माणसांचा पगार वाचतो. फंकच्या पोटातून निघालेल्या डिस्कोनं फंक वाजवणाऱ्यांनाच बेकार केलं.

मग फंक गेला कुठे? तो सिनेमात शिरला. राहुलदेव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी शब्द बाजूला ठेवून, नुसती बास आणि तालवाद्यं धरून ऐकून पाहा. त्या तालामागे मारुतीराव कीर उभे असायचे, आधी सचिनदेव आणि मग राहुलदेव अशा दोघांचे तालसोबती. बँडमध्ये वाजवून घरभाडं निघत नसे, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात निघे. गोव्याहून आलेल्या वादकांच्या दोन पिढ्या याच हिशेबानं आधीच सिनेमात गेल्या होत्या.

बँड मोडण्याची गोष्ट फक्त मुंबई-लंडनची म्हणून सांगितली तर ती अर्धीच राहील. भिलाईला लागून असलेल्या दुर्ग शहराजवळ बघेरा नावाचं गाव आहे. तिथे ७ नोव्हेंबर १९७१ ला दाऊ रामचंद्र देशमुखांनी 'चंदैनी गोंदा' हा रंगमंच पहिल्यांदा उभा केला. गोंदा म्हणजे झेंडू. छत्तीसगढी शेतकऱ्याची कहाणी गाण्यांतून सांगणारा हा प्रयोग होता. त्यात खुमान साव यांच्या चाली आणि लक्ष्मण मस्तुरिया यांचे शब्द अशी जोडी जमली. देशमुख हे नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत होता. गावकारभाराच्या पदव्या तेव्हा आल्या आणि आडनावं होऊन इथेच राहिल्या. इथल्या 'नाचा' या लोकनाट्याची नाळही मराठ्यांच्या छावणीतल्या तमाशाशी जोडली जाते. साठेक कलाकारांचा हा तांडा गावोगाव फिरला आणि रात्र रात्र मैदानं भरून गेली. पण ऐंशीच्या दशकात देशमुखांनी आपल्या हातानंच तो थांबवला. साव यांनी मात्र ते नाव सोडलं नाही. २०१९ मध्ये ते गेले तोवर ते 'चंदैनी गोंदा' चालवत होते. मस्तुरियांचं 'मोर संग चलव रे' आजही इथल्या सभा-मेळाव्यांत ऐकू येतं. इथे आयात गिटार नव्हती, हॉटेल नव्हतं, इंग्रजी नव्हती. तरी मूळ मंच दशकभरातच आटोपला. साठ माणसांचा खर्च, प्रत्येकाची नोकरी आणि शेती, मनं वेगळी व्हायला लागणं ही कारणं जिथे तिथे सारखीच असतात. फरक पडतो तो पुढे. इथलं संगीत ऐकणाऱ्यांच्या रोजच्या भाषेत होतं, म्हणून मंच गेला तरी गाणी उरली. मुंबईच्या बँडांना ही सोय नव्हती.

नंदू भेंडे यांना ती सोय एकदा मिळाली, आणि मराठी रंगभूमीनं ती दिली. जॉन गेनं १७२८ मध्ये लंडनमध्ये भिकाऱ्यांचा आणि चोरांचा 'बेगर्स ऑपेरा' रंगवला. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी त्याला मराठी सदरा घातला आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात 'तीन पैशाचा तमाशा' उभा केला. मूळ नाटकातला देखणा गुन्हेगार मराठीत अंकुश झाला. अंकुशचं काम नंदू भेंडे यांनी केलं. संगीत तिघांचं: भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे.

या नाटकात तमाशाचा बाज आहे, नाट्यसंगीताची नक्कल आहे, कीर्तनाचा ठसका आहे. आणि अंकुशच्या वाट्याला आला पाश्चात्त्य पॉप-रॉकचा ढंग. ही वाटणी फार हुशारीची होती. समाज देशी चालींत बोलतो आणि त्याला लुबाडणारा देखणा गुंड परदेशी ठेक्यावर डोलतो, आणि प्रेक्षकाला तो गुंडच आवडतो! ब्रेख्तला हवा असलेला चिमटा इथे शब्दांआधी तालातून बसतो. चार वर्षांपूर्वी इंग्रजी प्रेक्षकांपुढे जूडास झालेला हा गायक आता मराठी प्रेक्षकांपुढे अंकुश झाला. दोन्ही भूमिका खलनायकाच्या आणि दोन्हीकडे टाळ्या त्यालाच. मराठी रंगसंगीतात रॉकचं अंग असलेला आवाज इतक्या ठसठशीतपणे याआधी आलेला नव्हता. नंतर तो पुरेसा वापरला गेला नाही, हा मराठी नाटकाचाच करंटेपणा.

त्यानंतर चार वर्षांनी 'कृष्णा धरती पे आजा तू' आलं. त्यातही एक गंमत दडलेली आहे. ही चाल 'टिलमन ब्रदर्स' या बँडच्या 'जीझस' नावाच्या गाण्यावर बेतलेली. हे भाऊ इंडोनेशियातून हॉलंडला गेलेले. त्यांनी येशूला घातलेली हाक बप्पी लाहिरींनी कृष्णाकडे वळवली, आणि ती गायला मिळाली रंगमंचावर येशूला दगा देणाऱ्या जूडासला. हे कुणी मुद्दाम जुळवून आणलं असेल असं मला वाटत नाही. मुंबईत असा गळा शोधायला निघालं तर फार दारं नव्हतीच.

'डिस्को डान्सर'नंतर त्यांच्याकडे हिंदी पार्श्वगायनाची रांग लागली नाही. त्यांनी मालिकांना संगीत दिलं, ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम केलं आणि मंचावर गात राहिले. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीनं अॅटॉमिक फॉरेस्टची गाणी नव्यानं प्रसिद्ध केली. सत्तरच्या दशकातला भारतीय फंक धुंडाळणारे परदेशी श्रोते त्या एका अल्बमसाठी झुरत होते, आणि मुंबईतल्या बहुतेकांना असा बँड होता हेही ठाऊक नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आत्माराम भेंडेही गेले.

बापाचं नाव मराठी नाटकाच्या प्रत्येक इतिहासात आहे. मुलाचं नाव 'तीन पैशाचा तमाशा'च्या संगीतकारांत तिसरं म्हणून येतं आणि पुढच्या ओळीत विषय बदलतो. चंदावरकर आणि मोडक यांच्याइतकाच मोठा परिच्छेद त्यांनाही मिळायला हवा.